बसून खेळायची नोकरी

विस्तिनला नोकरी लागल्याची बातमी सगळ्यात आधी कळली त्याच्या फिलिपामावशीला, आणि तिने ती गावभर चुकीची सांगितली. तिचा तरी काय दोष? आमच्या बेटावर बँड क्लबला कझीन म्हणतात आणि जुगाराच्या जागेला कझिनो. शेवटच्या अक्षराचा काय तो फरक, आणि मावशीला एका कानाने ऐकू येत नाही. त्यातून आमच्या गावात बँड दोन, कझीनही दोन. एका बँडचा माणूस दुसऱ्याच्या कझीनमध्ये चहा प्यायला गेला तरी त्याची आई आठवडाभर बोलत नाही.

"कझीनमध्ये लागलास? आपल्या की त्यांच्या?" मावशीने विचारलं.

"दोन्हीपैकी नाही गं. इंटरनेटवरचं."

"अरे देवा," मावशी म्हणाली, "म्हणजे तिसरा काढला की काय?"

विस्तिन, आडनाव प्सायला, बँडमध्ये माझ्या शेजारी बसतो. तो पहिली क्लॅरिनेट, मी दुसरी. आमच्या दोघांत स्वरलिपी ठेवायचा स्टँड एकच. पोरवयापासून असेच बसतो आहोत, त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. जे ऐकीव आहे ते त्याच्याच तोंडून किंवा त्याच्या बायकोच्या, लिबराताच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तो गोदीत वेल्डर होता. गोदी बंद झाली तेव्हा हातात थोडी रक्कम घेऊन घरी बसला, पण बसणं त्याला जमेना. शाळेत पहारेकरी झाला, हॉटेलात झाडांना पाणी घातलं, एका मेहुण्याबरोबर संगमरवराच्या लाद्या वाहिल्या. पाठ गेली तेव्हा तेही सुटलं. जुगाराचं म्हणाल तर गावात त्याच्याइतका कोरडा माणूस नव्हता. लिबराता दर रविवारी दुपारी कझीनच्या हॉलमध्ये तंबोला खेळायला जायची, आणि हा बाहेर कट्ट्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचा. उत्सवाच्या वर्गणीसाठीच्या सोडतीचं तिकीटसुद्धा तो घेई आणि दुसऱ्याच्या हातात देई.

म्हणूनच इलेनियाला तो सुचला. इलेनिया त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. स्लीमा शहरातल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत तिचं ऑफिस, आणि तिथे हे खेळ तयार होत. जगभरची माणसं घरबसल्या मोबाइलवर जे खेळतात ते. तिने मामाला समजावून सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो.

"मामा, तू फक्त बसायचं आणि खेळायचं. दिवसभर. लोक खूप वेळ खेळले की खेळात काही बिघडतं का, ते आम्हाला बघायचं असतं. काही अडकलं, विचित्र दिसलं, तर मला हाक मार."

"आणि पैसे?"

"पैसे खोटे. स्क्रीनवर नुसता आकडा. संपला की मी परत भरते."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर काही नाही."

"हरलो तर?"

"तरी काही नाही. तुला महिन्याला पगार."

विस्तिनने माझ्याकडे बघितलं. "स्पिरू, याला काम म्हणायचं का रे?"

मी जन्मभर शाळेची बस चालवली. सकाळी जिथून निघायचो तिथेच दुपारी परत यायचो, आणि त्याला सगळे काम म्हणायचे. मी म्हटलं, "पगार देतात ना? मग म्हण."

त्याला दिलेल्या खेळात समुद्र होता. पाच उभ्या रांगा फिरायच्या. त्यांत मासे, नांगर, शिंपले, मोती. बटण दाबलं की रांगा गरगरा फिरून थांबायच्या. एकसारखी चित्रं ओळीत आली की जिंकलो, नाही आली की हरलो. संपलं. यात शिकण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याला पहिले काही दिवस खटकलं. वेल्डिंगला निदान हात स्थिर लागतो, तो म्हणाला.

पण कझीनमध्ये त्याची चलती झाली. संध्याकाळी काचेच्या ग्लासात चहा आणि चीज भरलेल्या पास्तिझ्झी घेऊन आम्ही बसलो की काउंटरमागून चिक्कू ओरडायचा, "काय विस्तिन, आज किती कमावलेस?"

"सकाळी चार लाख."

"आणि?"

"जेवणाआधी सगळे गेले."

"म्हणजे पास्तिझ्झीचे पैसे आजही स्पिरूच देणार!"

सगळे हसायचे, विस्तिनही हसायचा. पण एकदा घरी जाताना, चर्चच्या कोपऱ्यावर, तो मध्येच थांबला. म्हणाला, "एक विचारू? पैसे खोटे आहेत हे मला माहीत आहे. इलेनियाच भरते, मी बघतो तिला भरताना. तरी ते गेले की पोटात खड्डा पडतो. असं का होतं?"

मी म्हटलं, "सवय नाही म्हणून."

"मग सवय झाल्यावर जाईल?"

"जाईल की."

गेला तो खड्डा. हिवाळ्यात त्यानेच सांगितलं, आणि मला वाटलं चांगलं झालं. पण त्याच्या चेहऱ्यावर चांगलं झाल्याचं काही दिसेना. "आता हरल्याचं काही वाटत नाही," तो म्हणाला, "पण जिंकल्याचा राग येतो."

"राग?"

"जिंकलं की नाणी पडतात, मोठा मासा येऊन नाचतो, संगीत वाजतं. ते संपेपर्यंत बटण चालत नाही. मी नुसता वाट बघत बसतो. कधी एकदा हा मासा जातो आणि मी पुढचं दाबतो असं होतं." मग जरा लाजून म्हणाला, "आज त्या माशाला शिवी दिली. जोरात. शेजारची मुलगी दचकली."

मला वाटलं हा गंमत करतोय. तो करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की माणूस खेळायला बसला, जिंकला, आणि चिडला, हे कुठल्या हिशेबात बसतं.

उजवा हात बटणावर ठेवून दुपारचा डबा तो डाव्या हाताने खाऊ लागला. तेल-टोमॅटो लावलेला पाव, जो तो आधी खिडकीशी उभा राहून समुद्राकडे बघत खायचा. कोणी सांगितलं नव्हतं. उलट इलेनिया म्हणायची, मामा ऊठ, पाय मोकळे कर. तो "हो" म्हणायचा. ती परत यायची तेव्हा तो तसाच बसलेला. "उठलो नाही असं मला कळलंच नाही," तो मला म्हणाला. "मी हो म्हटलं तेव्हा मी उठलोच होतो असं वाटत होतं."

घरी तो वेळेवर यायचा, जेवायचा, ताट धुवायचा. लिबराता बोलली तर उत्तर द्यायचा. पण उत्तर प्रश्नाच्या जरा नंतर यायचं, लांबच्या फोनवर येतं तसं. एका रविवारी तिने तंबोला सोडला आणि माझ्याकडे आली. लिबराताने तंबोला सोडणं म्हणजे काय ते आमच्या गावातल्यालाच कळेल.

"स्पिरू, मला सांग, मी कोणाकडे तक्रार करू आणि कशाची करू? दारू पीत नाही. बाई नाही. पैसा जात नाही, उलट येतो. माझ्या बहिणीचा नवरा घोड्यांवर घर घालवून बसला, तिला सगळे बिचारी म्हणतात. मला काय म्हणतील?"

"फादरना विचारलंस?"

"विचारलं ना. फादर म्हणाले, जुगार म्हणजे पैसे लावणं. पैसे लावतो का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, घराकडे दुर्लक्ष करतो का? मी म्हटलं, काल त्याने मोरी दुरुस्त केली. शेवटी म्हणाले, प्रार्थना कर. मी म्हटलं, कशासाठी करू ते तरी सांगा! तर ते म्हणाले, विचार करून सांगतो."

मी तिला चहा दिला. तो संपवून ती उठली.

मग गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमचा बँड काळ्या कोटात मिरवणुकीबरोबर चालतो आणि शोकाचे मार्च वाजवतो. त्यातल्या एका जुन्या मार्चमध्ये क्लॅरिनेटना मोठी विश्रांती आहे. ढोल आणि जड वाद्यं एकटीच चालतात, आपण मनात मात्रा मोजायच्या, आणि मग पहिल्या क्लॅरिनेटने अगदी हळू सूर उचलायचा. विस्तिन तो सूर असा उचलायचा की गॅलऱ्यांतल्या बायका डोळे पुसायच्या.

विश्रांती संपली आणि सूर आला नाही. मी तिरकं बघितलं. वाद्य त्याच्या ओठांना लागलेलं होतं. पण त्यात फुंकर नव्हती, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट क्लॅरिनेटच्या बटणावर टक टक पडत होतं. मार्चच्या तालात नाही, भलत्याच तालात. शेवटी मीच त्याची ओळ उचलली. कशीबशी.

चर्चच्या पायऱ्यांशी बँड चालवणाऱ्या मास्तर ग्रेत्सूने त्याला गाठलं. मास्तर शिव्या द्यायला प्रसिद्ध, पण त्या दिवशी आवाज खालीच होता. "कुठे होतास, विस्तिन?"

"इथेच होतो, मास्तर."

"वाजवलं नाहीस."

विस्तिनने माझ्याकडे बघितलं, मास्तरकडे बघितलं. "वाजवलं की," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "वाजवलं नाही?"

मास्तरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं.

यानंतर काही दिवसांनी ऑफिसात जे झालं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि इलेनियाने पुढे केव्हातरी तेच सांगितलं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो. दुपारी ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तो बटण दाबत होता, रांगा फिरत होत्या. पण तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तो दाबत होता एका वेळी आणि रांगा फिरत होत्या दुसऱ्याच वेळी. तिने हळूच त्याचा हात धरून बाजूला घेतला. रांगा फिरतच राहिल्या. थांबल्या, परत फिरल्या. मासा आला, नाचला, गेला.

"मामा, हे कधीपासून असं चाललंय?"

"कसं?"

"बटण बिघडलंय. खेळ आपला आपण चाललाय. तू दाबतोयस त्याचा काही संबंधच नाही."

त्याला आठवेना. सकाळी तर त्यानेच सुरू केलं होतं. जेवण झालं होतं. मधलं कुठेच काही हाताला लागत नव्हतं, ज्याला धरून सांगावं की इथपर्यंत मी होतो.

गोदीत असं झालं असतं, नुसत्या हवेवर वेल्डिंगचा टॉर्च धरून दुपारभर बसला असता, तर मुकादमाने पाना फेकून मारला असता. विस्तिन त्या पान्याची वाट बघत उभा राहिला. इलेनियाचा साहेब आला. उंच, उत्तरेकडचा, पायात मोजे नसलेला तोर्ब्यर्न नावाचा माणूस. इलेनियाने काय झालं ते सांगितलं, आणि साहेबाचा चेहरा उजळला.

"त्याला कळलंच नाही?" साहेबाने विचारलं. "इतक्या वेळात एकदाही नाही?"

"नाही," इलेनिया म्हणाली.

"म्हणजे खेळ किती सफाईदार झालाय!" त्याने विस्तिनचा हात हातात घेऊन हलवला. बटण दुरुस्त करायला सांगितलं आणि सगळ्यांसाठी केक मागवला.

विस्तिनने त्या केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून घरी आणला होता. तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून तो बसला. केकवर साखरेचा निळा मासा होता.

"मला शाबासकी कशाची मिळाली, स्पिरू?"

"चांगलं काम केल्याची."

"मी कामच करत नव्हतो. खेळही नव्हतो. मग त्या खुर्चीत कोण होतं?"

मी सुरी आणली. आम्ही केक अर्धा अर्धा खाल्ला. चांगला होता, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यालाही तो आवडला आणि त्याचं त्याला आणखी वाईट वाटलं.

नोकरी त्याने लगेच सोडली नाही. का सोडावी? सोडण्यासारखं कोणी काही बोललंच नव्हतं. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली: पैसे खोटे असल्यामुळे हे सगळं होतंय. खरे असते तर माणूस जागा राहिला असता. एका शनिवारी दुपारी तो माझ्या घरी आला, मोबाइल टेबलावर उभा केला, म्हणाला, "तू समोर बस आणि माझ्याकडे बघत राहा. आज माझ्या खिशातले लावतोय."

"विस्तिन, वेडा आहेस का? जन्मात लावले नाहीस, आता लावतोस?"

"एकदाच. मला फरक बघायचाय."

रक्कम फार नव्हती, दोघांच्या चांगल्या जेवणाइतकी. तो खेळू लागला. तोच समुद्र, तेच शिंपले. मी त्याच्याकडे बघत बसलो. सुरुवातीला तो मला सांगत होता, "हे गेले. हे आले." मग सांगायचा बंद झाला. चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी कमी होत गेलं, ऊन चढताना दगडावरची ओल कमी होते तसं. मी हाक मारली. तो "हं" म्हणाला. मी म्हटलं, "विस्तिन, माझ्या घराला आग लागली आहे." तो म्हणाला, "हं."

खेळ पैसे संपल्यावर थांबला. तेव्हा त्याने मान वर केली आणि खिडकीतलं ऊन बघून गोंधळला. ते भिंतीवरून सरकून चुलीपर्यंत आलं होतं.

"काय?" मी विचारलं.

त्याने मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाला, "काहीच फरक नाही." आणि परत, जणू मीच त्याच्याशी वाद घालतोय, "मला वाटलं होतं असेल. काहीच फरक नाही रे."

गोदीत एकदा त्याला अपघात झाला होता, तेव्हाही मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला.

सोमवारी त्याने इलेनियाला सांगितलं की तो येणार नाही. ती रडली. लेकरू चांगलं आहे. मामाला बसून करायचं हलकं काम मिळवून दिलं, याचा तिला अभिमान होता.

"तुला कोणी काही बोललं का, मामा?"

"नाही गं. सगळे चांगलेच बोलतात."

"पगार कमी वाटतो? मी साहेबांशी बोलते. ते तर तुला वाढवून द्यायला निघालेत."

"नको."

"मग का?"

"त्याचं कारण माझ्याजवळ असतं तर तुला दिलं असतं," तो म्हणाला. "तुझ्याजवळ असलं तर मला सांग."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली की तिलाही ते माहीत नाही. ती अजून तिथेच आहे. रविवारी मामाकडे जेवायला येते, आणि दोघं त्या विषयाभोवतून, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तसे जातात.

आता विस्तिन एका होडीवाल्याकडे जातो, आठवड्यातले काही दिवस. जुना रंग खरवडायचा, फळ्यांच्या फटी भरायच्या. पाठ दुखते. क्लॅरिनेट पूर्वीसारखी वाजवतो असं मी म्हणणार नाही, पण सूर उचलायच्या वेळी तो असतो. कधी कधी टेबलावर त्याचं बोट आपलं आपण टक टक करू लागतं. लिबराता त्यावर हात ठेवते आणि बोलणं पुढे चालू ठेवते.

फादरनी मात्र विचार करायचं सोडलं नव्हतं. उन्हाळ्यात, उत्सवाच्या आधी, त्यांनी जुगारावर एक सभा ठेवली आणि विस्तिनला दोन शब्द बोलायला सांगितलं. हॉल भरला होता. फिलिपामावशी पहिल्या रांगेत, चांगला कान व्यासपीठाकडे करून. आधी घोड्यांवर पैसे लावणारा एक जण बोलला; घर गेलं, बायको गेली, सगळे हळहळले. मग विस्तिन उभा राहिला. उभाच राहिला.

मागून चिक्कूने मदत म्हणून विचारलं, "किती हरलास ते सांग ना!"

"काही नाही."

"मग जिंकलास किती?"

"काहीच नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, मग याला कशाला बोलावलं? फादरनी घसा खाकरला. विस्तिनने हात पुढे करून त्यांना थांबवलं. त्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं, ते मला त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"मी बसलो होतो," तो म्हणाला. "सकाळी बसायचो. मग संध्याकाळ असायची." परत थांबला. "मध्ये मी कुठे होतो ते कोणाला माहीत असेल तर..." आणि वाक्य तिथेच सोडून खाली बसला.

मग मावशीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आपला भाचा आहे म्हणून, आणि बाकीच्यांनी तिला साथ दिली. मागच्या बाजूला मला एक बाई दिसली, वरच्या गल्लीतली, तिशीतली. ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्स छातीशी धरून विस्तिनकडे टक लावून बघत होती. सभा संपल्यावर मी तिला शोधलं, पण ती निघून गेली होती.

घरी जाताना आम्ही तिघं होतो. लिबराता म्हणाली, "तुला नक्की काय सांगायचं होतं?"

"कळलं नाही मला," विस्तिन म्हणाला. "तोंडापर्यंत आलं होतं."

"पुढच्या वेळी लिहून ने."

"पुढची वेळ कोण देतंय?"

"आणि शर्ट नीट खोच," ती म्हणाली. "मागून सगळा बाहेर आला होता, अख्ख्या गावाने बघितलं."

त्याने चालता चालता पाठीमागे हात नेऊन चाचपून बघितलं. खरंच बाहेर होता.